अडीचशे वॅटची आई

कोंबडीचे पिल्लू अंडे फोडून बाहेर येते तेव्हा चोच, पाय, भूक आणि देहाच्या मानाने अवाजवी मोठा आवाज या चारही गोष्टी ते बरोबर घेऊन येते. येताना विसरते ते फक्त स्वतःचे अंग गरम ठेवण्याचे कसब. प्रौढ कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सियसच्या आसपास स्थिर असते, कारण तिच्या अंगावर पिसांचे पांघरूण असते. पिल्लाच्या अंगावर मात्र नुसती लव असते आणि तापमान राखण्याची त्याची आतली व्यवस्था पहिले दहा-पंधरा दिवस कच्चीच असते. म्हणून पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंशांची, म्हणजे नागपूरकरांच्या लेखी फाल्गुनातल्या सुसह्य दुपारइतकी, ऊब बाहेरून पुरवावी लागते आणि पुढे दर आठवड्याला ती साधारण तीन अंशांनी उतरवत न्यावी लागते. या पुरवठ्याला कुक्कुटपालनाच्या परिभाषेत ब्रूडिंग आणि त्यासाठी उभारलेल्या व्यवस्थेला ब्रूडर म्हणतात.

निसर्गाने हे काम खुडूक कोंबडीकडे, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवण्याच्या हट्टाला पेटलेल्या कोंबडीकडे, सोपवले आहे. ही कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसते, पिल्ले निघाली की त्यांना पंखाखाली घेते, थंडी वाजेल त्याला आत येऊ देते, उकडेल त्याला बाहेर जाऊ देते, आणि हे सर्व करताना वायर, होल्डर, तापमापक किंवा गॅरंटी कार्ड यांपैकी कशाचीही मागणी करत नाही. अडचण एवढीच की तिच्या पंखांखाली दहा-बारा पिल्लेच नीट मावतात. शिवाय भरपूर अंडी देणाऱ्या लेगहॉर्नसारख्या जातींमधून खुडूक बसण्याची प्रवृत्तीच निवड करकरून जवळजवळ घालवलेली आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी देत नाही आणि अंडी न देणाऱ्या कोंबडीला हिशेबाच्या वहीत जागा नसते. अशा रीतीने बाळंतपणाची रजा कायमची रद्द करून उत्पादन वाढवण्याचा प्रयोग कोंबड्यांवर यशस्वी झाला, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर बदली कामगार म्हणून विजेच्या दिव्याची नेमणूक करावी लागली.

या नेमणुकीचा पूर्वेतिहास मात्र विजेच्या पुष्कळ आधीचा आहे. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांतून हजारो अंडी एकदम उबवण्याची विद्या प्राचीन काळापासून होती आणि तेथील जाणकार तापमापकाअभावी अंडे पापणीला लावून त्याची उष्णता अजमावत असत. रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने, ज्याच्या तापमापनश्रेणीत पाणी शून्याला गोठते आणि ८० अंशांना उकळते, या विषयावर १७४९ साली एक सविस्तर ग्रंथच प्रसिद्ध केला; इजिप्तने पिरॅमिडांपेक्षा या भट्ट्यांचा अधिक अभिमान बाळगावा असे त्याचे मत होते. घोड्याच्या लिदीच्या उष्णतेवर त्याने अंडी उबवून पाहिली आणि निघालेल्या पिल्लांसाठी आतून मेंढीचे लोकरी कातडे लावलेली एक पेटी तयार करून तिला चक्क ‘कृत्रिम आई’ असे नाव दिले. आधुनिक दिव्याला आई म्हणण्याचे धाडस अद्याप कोणत्याही उत्पादकाने केलेले नाही. खोक्यावर फक्त वॅट आणि व्होल्ट छापलेले असतात.

महाराष्ट्रात या दिव्याशी ज्याचा अलीकडे नव्याने संबंध येऊ लागला आहे तो वर्ग म्हणजे हौशी कुक्कुटपालक. याच्या परसात थोडी मोकळी जागा, गावरान अंड्याच्या शहरातील भावाबद्दलची ऐकीव माहिती आणि निवृत्तीनंतरचा किंवा घरून काम करतानाचा फावला वेळ या तिन्हींचा योग जुळून आला की तो वनराज, गिरिराज किंवा झाबुआकडचा तो नखशिखांत काळा कडकनाथ यांची एक दिवसाची पिल्ले मागवून मोकळा होतो. भोके पाडलेल्या खोक्यातून ही पिल्ले लांबचा प्रवास करून येऊ शकतात, कारण अंड्यात उरलेला बलक पिल्लू बाहेर पडण्यापूर्वी पोटात ओढून घेते आणि त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस निभावू शकते; अमेरिकेच्या टपालखात्याने तर १९१८ पासून अशी जिवंत पिल्ले पार्सलाने पोचवण्याचे काम पत्करलेले आहे. खरा नियम असा की पिल्ले येण्यापूर्वी किमान एक दिवस ब्रूडर सुरू करून तापमान स्थिर झाल्याची खात्री करावी. प्रत्यक्षातील रूढी अशी की खोके ओसरीवर येते, आत किलबिलाट चालू असतो, आणि पालक होल्डर आणायला हार्डवेअरच्या दुकानाकडे धाव घेतो.

दुकानात त्याची गाठ कालविपर्यासाशी पडते. जुना तारेचा बल्ब आपल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज उष्णतेत घालवतो, या दुर्गुणापायी तो बदनाम झाला आणि २०१५ पासून उजाला योजनेने घरोघर एलईडी दिवे पोचवून त्याची उचलबांगडी केली. ब्रूडरला मात्र नेमका तोच दुर्गुण हवा असतो आणि एलईडीच्या गुणांचा पिल्लांना काडीचाही उपयोग नसतो. दुकानदार फळीवरच्या धुळीतून जुना बल्ब शोधण्याचा कंटाळा करतो आणि त्याऐवजी २५० वॅटचा लाल इन्फ्रारेड दिवा काढून देतो. इन्फ्रारेड किंवा अवरक्त किरण म्हणजे डोळ्यांना न दिसणारे पण कातडीला ऊब म्हणून जाणवणारे किरण. ते हवेपेक्षा समोरच्या देहाला थेट तापवतात आणि लाल काचेमुळे पिल्ले एकमेकांना टोचण्याचे प्रमाणही कमी राहते, म्हणून हा दिवा मोठ्या कळपासाठी उत्तम. परंतु पिल्लामागे सुमारे दोन वॅट हा रुळलेला ठोकताळा विचारात घेतला तर २० पिल्लांना ४० वॅट पुरतात, आणि पालकाने मात्र दरडोई साडेबारा वॅटांची तरतूद केलेली असते. एवढ्या पिल्लांसाठी साधे दोन लहान बल्ब लावणे शहाणपणाचे, कारण मध्यरात्री एक गेला तरी दुसरा सकाळपर्यंत तग धरतो. पण दोन लहान बल्ब शेजाऱ्यांना दाखवण्यासारखे दिसत नाहीत.

दिवा टांगणे हा या शास्त्रातील सर्वांत गंभीर अध्याय असून त्याबाबत लोकमानसात दोन संप्रदाय आढळतात. पहिला सुतळी संप्रदाय. मराठी घरात सुतळीने बांधता येत नाही अशी वस्तू अद्याप निर्माण व्हायची आहे. गाद्या, सायकली, आंब्याच्या पेट्या आणि निवडणुकीचे फलक सारख्याच भक्तिभावाने सुतळीच्या स्वाधीन केले जातात. तापलेल्या दिव्याच्या शेजारी मात्र सुतळी करपते, नायलॉनची दोरी वितळते, आणि खाली वाळलेल्या तुसाचा वीतभर थर अंथरलेला असतो. दुसरा संप्रदाय चिमट्याचा: दिव्याच्या पत्र्याच्या टोपीला जो स्प्रिंगचा चिमटा येतो तो फळीच्या कडेला लावला की काम झाले, असे तो मानतो, आणि पिल्लांपैकी एखादे तिसऱ्या आठवड्यात पंख फडफडवून त्या फळीवर झेप घेते तेव्हा त्याचे मत बदलते. दिवा पडतो, तुसावर पालथा होतो, आणि उष्णता जाण्यास दुसरी वाट न उरल्याने काही मिनिटांत धूर निघू लागतो. कोंबड्यांच्या खुराड्यांना लागणाऱ्या आगींमध्ये हा पडलेला दिवा नेहमीचाच आरोपी असतो.

शास्त्रशुद्ध पद्धत कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच ती फारशी पाळली जात नाही. दिवा लोखंडी साखळीने छताच्या वाशाला किंवा लोखंडी पाइपला टांगावा. त्याच दिव्याला दुसऱ्या, वेगळ्या आधाराला बांधलेली एक जाड तार असावी, म्हणजे साखळी निसटली तर दिवा हवेतच अडकेल. वजन साखळीने पेलावे, वायरने नव्हे. होल्डर चिनी मातीचा घ्यावा, कारण प्लॅस्टिकचा होल्डर या दिव्याखाली मऊ होऊ लागतो. काचेसमोर तारेची जाळी हवी. दिव्याचे तोंड आणि तुसाचा पृष्ठभाग यांत सुरुवातीला दीड फुटाचे अंतर ठेवावे आणि आठवड्यागणिक साखळीच्या काही कड्या वर घेत जाव्यात, म्हणजे उष्णता आपोआप उतरते. टीव्हीचे पुठ्ठ्याचे खोके किंवा थर्मोकोलची पेटी दिव्याखाली वापरू नये. खोके पेट घेते, आणि थर्मोकोल तर पिल्ले टोचून टोचून खातात. ‘न फुटणारा’ म्हणून विकला जाणारा लेप दिलेला दिवा स्वस्तात मिळाला तरी टाळावा, कारण काही लेप नॉन-स्टिक तव्यावरच्याच जातीचे असतात आणि तापल्यावर त्यांतून निघणाऱ्या वायूने पक्षी तडकाफडकी मरतात.

या साऱ्या सूचना वायरमनला ऐकवल्या असता तो त्या शांतपणे ऐकून घेतो, कानावरची पेन्सिल काढून परत कानावर ठेवतो आणि म्हणतो, “काय होत नाय साहेब, बिनधास्त लावा.” सुरक्षाशास्त्राच्या दृष्टीने हे वाक्य स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. लग्नमांडवातल्या रोषणाईपासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सर्वत्र लागू पडणारा हा सिद्धांत असून त्याचा पुरावा म्हणून आजवर काय झाले नाही याची यादी दिली जाते. जे झाले ते त्या यादीत साहजिकच नसते. २५० वॅटचा दिवा जेमतेम एक अँपिअर वीज ओढतो, त्यामुळे मोटारीच्या मानाने तो वायरमनला क्षुल्लक वाटतो हे खरे. पण मोटार तुसात उभी नसते आणि तिच्यावरून रात्रभर वीस जीव उड्या मारत नाहीत.

तापमापकाचे प्रकरण तुलनेने निरुपद्रवी आहे. तो पिल्लांच्या पाठीच्या उंचीला, म्हणजे तुसापासून दोन इंचांवर, दिव्याच्या उजेडाच्या कडेला धरावा असे शास्त्र सांगते. पालक तो भिंतीवर आपल्या डोळ्यांच्या उंचीला लावतो आणि परिणामी स्वतःला किती उकडत आहे याची नोंद दर दोन तासांनी वहीत करत राहतो. वस्तुतः पिल्लांकडे नुसते पाहिले तरी भागते. ती दिव्याखाली एकावर एक चढून किंचाळत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. भिंतीकडे पळून, पंख सैल सोडून, चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उकडते आहे. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे. आणि सर्वत्र विखुरून, हळू आवाजात कुजबुजत, कोणी खात, कोणी झोपत असेल तर तापमान बरोबर आहे. म्हणूनच दिवा मधोमध किंवा एका कडेला ठेवून दुसरीकडे थंड जागा शिल्लक ठेवायची असते. सभोवती दीड फूट उंचीच्या पत्र्याचे गोल कडे, ज्याला चिक गार्ड म्हणतात, करण्याचे कारणही हेच की चौकोनाला कोपरे असतात आणि घाबरलेली पिल्ले कोपऱ्यात ढीग करून खालच्यांना गुदमरवतात.

पिल्लांच्या झोपेविषयी मात्र कोणीही आधी सावध करत नाही. समाधानी पिल्लू झोपते तेव्हा ते बसल्या बसल्या डुलक्या घेते, मग मान पुढे लांबवते, एक पाय मागे सोडते, पंख पसरते आणि शेवटी गाल तुसाला टेकवून अशा काही अवस्थेत पडते की पाहणाऱ्याने घरात कळवायचे कसे याचा विचार सुरू करावा. नवशिका पालक रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन येतो, वीसपैकी सहा पिल्ले गेल्याचे पाहतो, कंबर मोडून कड्यात वाकतो आणि थरथरत्या बोटाने त्यांपैकी एकाला स्पर्श करतो; त्याबरोबर ते पिल्लू उठून ओरडते, त्याचे ऐकून उरलेली पाच जिवंत होतात, मग चौदा, आणि माजघरातून आजीचा आवाज येतो, “अरे झोपू दे की त्यांना! ह्यापेक्षा कुणाची खुडूक कोंबडी मागून आणली असतीस तर लायटीचं बिल तरी वाचलं असतं.” आजीच्या म्हणण्याला हिशेबाचा भक्कम आधार आहे: हा दिवा अखंड चालला तर दिवसाला सहा युनिट आणि चार आठवड्यांत १६८ युनिट वीज खातो. तिच्या योजनेलाही शास्त्राची हरकत नाही, कारण खुडूक कोंबडीखाली रात्रीच्या अंधारात एक-दोन दिवसांची परकी पिल्ले सरकवली तर सकाळी ती बहुधा त्यांना आपलीच समजते. दिव्याला परकेपण कळतच नाही, ही गोष्ट वेगळी.

पिल्लांच्या बाजूनेही ओळखीचा घोटाळा असतो. डग्लस स्पॉल्डिंग या इंग्रज निरीक्षकाने १८७३ साली नोंदवले की जन्मल्यानंतर सुरुवातीच्या दिवसांत पिल्लू समोर हलणाऱ्या कोणत्याही वस्तूच्या मागे जाऊ लागते, मग ती कोंबडी असो, बदक असो की माणूस. टांगलेला दिवा हलत नाही, निदान हलू नये. हलतात त्या पालकाच्या चपला. त्यामुळे चौथ्या आठवड्यात पिल्ले अंगणात सोडल्यावर त्या चपलांमागे वीस जणांची दिंडी निघते आणि पालक, जो नोकरीच्या काळात एकाही शिपायाला आपल्या मागे चालवू शकलेला नसतो, तो विनाकारण अंगणाच्या चार फेऱ्या जास्त मारतो.

लाल दिव्याचे सामाजिक परिणाम दुर्लक्षण्यासारखे नाहीत. गावाच्या कडेला असलेल्या घराच्या मागच्या खिडकीतून रात्रभर लाल उजेड झिरपू लागला की पहिल्या दोन रात्री लोक चौकशी करत नाहीत, फक्त रस्ता बदलतात. तिसऱ्या रात्री अमावास्या असेल तर गुप्तधनाचा विषय निघतो. पिल्ले दाखवून हा संशय दूर करता येतो, परंतु मग गावातील प्रत्येक मूल, मुलाची आई आणि सल्ला देणारे किमान चार अनुभवी गृहस्थ ब्रूडरपाशी जमतात, दार उघडे राहते, आणि ज्या वाऱ्यापासून पिल्लांना वाचवायचे तो शिष्टमंडळाबरोबरच आत येतो. शिष्टमंडळामागून मांजर येते. बारीक जाळीचे झाकण हवे ते याचसाठी. मुंगूस आणि घूस यांना चौकशीचे सोंगही करावे लागत नाही.

पुस्तकातले आकडे हवामानाला विचारून वापरावे लागतात हेही येथे नोंदवले पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधी कधी पाच अंशांखाली घसरतो, तेव्हा दिव्याबरोबर खिडक्यांना गोणपाटाचे पडदे लागतात. तेही दिव्यापासून दूर. मे महिन्यात चंद्रपुरात दुपारी ४५ अंश असताना मात्र दिवा चालू ठेवणे म्हणजे शुद्ध क्रौर्य होय, आणि तरीही पहिल्या आठवड्यात ऊब हवी असे छापलेले असल्यामुळे तो निष्ठेने चालू ठेवणारे पालक असतात. कोकणात पावसाळ्यात तूस ओले होते, त्यातून अमोनियाचा उग्र वास सुटतो आणि पिल्लांच्या डोळ्यांतून पाणी येते. मुठीत दाबल्यावर लाडू वळला जाईल असे तूस तत्काळ बदलावे. वीज गेली तर काय, या प्रश्नाचे पारंपरिक उत्तर कोळशाची शेगडी हे आहे. बंद खोलीत त्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड पिल्लांना आणि त्यांच्याशेजारी खाट टाकून झोपलेल्या पालकालाही मारू शकतो, म्हणून गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवणे बरे.

उरलेल्या बाबी किरकोळ आहेत. पाण्याच्या पसरट भांड्यात गोट्या किंवा खडे टाकावेत, कारण पिल्लू बोटभर पाण्यातही बुडते. पहिल्या दिवशी प्रत्येकाची चोच पाण्यात एकदा बुडवून ते कुठे आहे हे दाखवावे. पहिले दोन दिवस तुसावर कागद अंथरतात, म्हणजे पिल्ले तूस खात नाहीत. त्यासाठी वर्तमानपत्राचा साधा खरखरीत कागद चुरगाळून पुन्हा उलगडलेला असावा, कारण गुळगुळीत रंगीत पुरवणीवर पाय घसरून फाकतात आणि काही वेळा कायमचे अधू होतात. दिव्यावर बसणारी पिसांची धूळ रोज पुसावी, अर्थात दिवा बंद करून आणि तो निवल्यावर. तापलेल्या काचेवर ओले फडके लावणाऱ्याला काचेचे तुकडे तुसातून वेचण्याचे काम आपोआप मिळते.

पाच-सहा आठवड्यांत पिसे भरतात, रात्रीचे हवामान बरे असेल तर दिवा उतरवला जातो आणि पिल्ले खुराड्यात जातात. याच सुमारास निवड न करता मागवलेल्या पिल्लांपैकी जवळजवळ निम्मी नर असल्याचे तुऱ्यांवरून स्पष्ट होऊ लागते. अंड्यांच्या व्यवसायाचा मूळ हिशेब अंडी देणाऱ्या वीसजणींवर आधारलेला असल्याने तो नव्याने मांडावा लागतो आणि नऊ-दहा कोंबड्यांचे करायचे काय हा प्रश्न घरापुढे येतो. पालकाने रात्री-बेरात्री उठून ज्यांचे श्वास मोजले त्यांच्या रश्श्याचा प्रस्ताव तो स्वतः मांडू शकत नाही. मुलांनी तर सगळ्यांना नावे दिलेली असतात. तेव्हा विषय पुढच्या रविवारपर्यंत तहकूब होतो, पुढच्या रविवारी संकष्टी निघते, मग कोणाचा तरी उपास; आणि मधल्या काळात घरातले कोणी ना कोणी, इतरांचे लक्ष नाही असे पाहून, भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पाने उलटून या वर्षी गटारी कधी येते ते बघून जाते.